टर्बो सुझुकी ट्यून करायची तर सुरुवात कुठून करायची, बेळगाव-खानापूर-निपाणीवाल्यांसाठी

बलेनो आरएस किंवा फ्राँक्स टर्बो घेतली की पहिल्या महिन्यातच प्रश्न सुरू होतात, मॅप (ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, टाकायची सेटिंगची फाईल) कुठं मारून मिळतो, किती पॉवर निघते, आणि मग कुणीतरी जपानी गाड्यांचे व्हिडिओ दाखवतं की बघ, तिकडं नुसता बूस्ट, म्हणजे टर्बोनं इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवला आणि गाडी डबल झाली. मला विचाराल तर मॅप हे शेवटचं काम आहे. टर्बो गाडीत पॉवर वाढवणं सोपं असतं ओ, वाढलेली उष्णता आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून इंजिनात ठोके बसणं) सांभाळणं हेच खरं ट्यूनिंग, आणि आपल्या भागात उंची, उन्हाळा, धूळ आणि घाट हे चारही एकदम असतात, म्हणून क्रम चुकवू नका.

आधी त्या जपानी व्हिडिओंचं. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलेलं की कागदावर २८० पीएसच्या (हॉर्सपॉवरसारखंच माप) वर कुठली गाडी दाखवायची नाही. त्यामुळं स्कायलाईन जीटीआरचं आरबी २६ किंवा सुप्राचं टू जेझेड ही इंजिनं ताकदीनं बांधलेली, कास्ट आयर्नचा ब्लॉक, जाड भिंती, आणि आकडा मात्र दाबून ठेवलेला. तिथं बूस्ट वाढवला की लपलेली पॉवर बाहेर यायची. आपल्याकडचं, या बलेनो-फ्राँक्समधलं के१०सी इंजिन म्हणजे ९९८ सीसी, तीन सिलिंडर, ॲल्युमिनियम ब्लॉक, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये). हे चांगलं इंजिन आहे, मी मनापासून सांगतो, पण त्यात तेवढी लपलेली ताकद नाही. आणि ती जुनी जपानी गाडी आणून चालवीन असं कुणाच्या डोक्यात असेल तर वापरलेली गाडी आयात करताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, वर ड्युटी बघितली की माणूस गप्प बसतो.

सुझुकीला लहान टर्बो नवीन नाही हे मात्र लक्षात ठेवा. १९८७ च्या अल्टो वर्क्सनं साडेपाचशे सीसीत ६४ पीएस काढले होते आणि जपानात त्या छोट्या केई गाड्यांची मर्यादाच त्या आकड्यावर बसली ती आजपर्यंत. आणि एक गोष्ट जास्त कामाची. आपल्याकडं २०१७ ला आलेल्या बलेनो आरएसला १०२ पीएस पॉवर आणि १५० एनएम टॉर्क होता, पण इथूनच बनून जपानला गेलेल्या बलेनोत हेच इंजिन १११ पीएस आणि १६० एनएम देत होतं, कारण तिथं ती हाय ऑक्टेन (नॉकिंगला जास्त टिकणाऱ्या) पेट्रोलवर सेट केलेली होती. म्हणजे कंपनीनंच दाखवून दिलंय की या इंजिनात पहिला फरक कशानं पडतो, पेट्रोलनं.

तर पेट्रोलचं बघू. आता पंपावर साधं पेट्रोल म्हणजे ई२०, वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं आणि सिलिंडरमध्ये थोडं गार पण होतं, टर्बोला हे दोन्ही चांगलं. पण इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त जातं. शुद्ध पेट्रोलचं बरोबर हवा-पेट्रोल प्रमाण (एएफआर) १४.७, ई२० चं साधारण १३.५. म्हणून जुन्या सवयीनं एएफआरचे आकडे पाठ करून मीटरकडं बघू नका, लॅम्डा बघा, म्हणजे प्रत्यक्षातलं प्रमाण भागिले त्या पेट्रोलचं बरोबर प्रमाण. फुल बूस्टला लॅम्डा ०.८० च्या आसपास म्हणजे शुद्ध पेट्रोलवर ११.८ आणि ई२० वर १०.८, दोन्ही एकच गोष्ट. ट्यूनरनं परगावी वेगळ्या पेट्रोलवर मॅप केला आणि तुम्ही इथं येऊन भलतंच भरलं तर तो मॅप तुमचा राहत नाही. एक पंप धरा, एक पेट्रोल धरा, शक्यतो ९५ च्या वरचं प्रीमियम, टाकी दोनदा रिकामी होऊन भरू द्या आणि मगच पुढचं काम. उलटं झालं, म्हणजे मॅप १०० ऑक्टेनवर केला आणि चंदगड-रामनगरकडं कुठंतरी साधं भरावं लागलं, तर पाय हलका ठेवायचा, दुसरा इलाज नाही.

उंचीचं कुणी बोलत नाही, पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. पणजीला हवेचा दाब १०१ केपीए (दाबाचं माप) असतो, आपल्याकडं जेमतेम ९३. आजकालचा ईसीयू बूस्ट मोजतो तो एकूण दाबात, गेजसारखा बाहेरच्या हवेपासून नाही. समजा मॅपमध्ये टार्गेट २०० केपीए आहे. गोव्यात टर्बोनं हवा दुपटीपेक्षा जराशी कमी दाबली की झालं, बेळगावात तेच टार्गेट गाठायला २.१५ पट दाबावी लागते. म्हणजे टर्बो जास्त जोरात फिरतो, हवा जास्त तापते, आणि तुमच्या डॅशवरचं बूस्ट गेज गोव्यात १४.३ पीएसआय दाखवत असेल तर इथं १५.५ दाखवतं, गाडी तीच, मॅप तोच. त्यामुळं कोस्टवरच्या मित्राचा फाईल कॉपी करून आपल्या गाडीत टाकणं मला अजिबात पटत नाही. तो फाईल तिथं सेफ असेल, इथं टर्बो आधीच शेवटाला टेकलेला असू शकतो.

आता गाडीची तब्येत. कॉम्प्रेशन टेस्ट करा, तिन्ही सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर मॅपचा विषय तिथंच बंद. मग प्लग. प्लग नवीन टाका आणि बूस्ट वाढवणार असाल तर एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा), एनजीकेमध्ये नंबर वाढला की प्लग थंड असतो. गॅप ०.६ ते ०.७ मिमी, कारण दाब वाढला की मोठ्या गॅपमधून ठिणगी उडत नाही आणि फुल थ्रॉटलला मिसिंग येतं, मग लोक कॉईल बदलत बसतात.

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे बूस्ट लीक. हे उद्यमबागमध्ये कुठल्याही लेथवाल्याकडं होतं, एक ॲल्युमिनियमची टोपी टर्न करून घ्यायची टर्बोच्या इनलेट पाईपच्या मापाची, त्यात ट्यूबचा व्हॉल्व बसवायचा. एअर फिल्टर बॉक्स काढून ती टोपी क्लॅम्पनं घट्ट बसवायची, क्रँककेसच्या ब्रीदरची नळी बंद करायची, आणि टायरवाल्याचा कॉम्प्रेसर लावून हळूहळू दहा पीएसआय हवा भरायची, त्याच्या वर जाऊ नका, सील जातील. मग स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन एकेक जॉईंट भिजवायचा. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) तोंडाशी जो रबरी होज असतो ना, त्याच्या क्लॅम्पच्या खालच्या बाजूला, जिथं हात नीट जात नाही, तिथं बारीक पांढरा फेस यायला लागतो, आधी दाण्यासारखा आणि मग फुगत जातो, कान जवळ नेला की शूऽऽ असा बारीक आवाज पण येतो. ही गळती नुसत्या डोळ्यानं कधीच दिसणार नाही. गळती असेल तर ईसीयू टार्गेट गाठायला टर्बोला आणखी पळवतो, गरम हवा आत जाते, आणि माणसाला वाटतं गाडी थंड पडली म्हणून मॅप पाहिजे. दोन होज आणि चार टी-बोल्ट क्लॅम्प बदलले की कितीतरी गाड्यांचं पिकअप परत येतं.

एअर फिल्टरबद्दल माझं मत ठाम आहे. बॉनेटच्या आत उघडा कोन फिल्टर लावू नका. एक तर तो रेडिएटरमागची गरम हवा ओढतो, आणि दुसरं म्हणजे आपल्याकडं उद्यमबाग-मच्छेला फाउंड्रीची वाळू आणि नोव्हेंबर ते मार्च ऊसाच्या ट्रॅक्टरची धूळ. ती बारीक वाळू कॉम्प्रेसरच्या पात्यांना लागली की कडा खातात. कंपनीचा बॉक्स, कागदी फिल्टर, आणि ऊसाच्या सीझनमध्ये निम्म्या किलोमीटरला बदली, एवढं पुरे.

पैसे खर्च करायचेच तर इंटरकूलरवर करा. एप्रिलमध्ये पारा ३६-३७ ला जातो, त्यात गोगटे सर्कलच्या सिग्नलला उभं राहिलात की इंटरकूलर तापून बसतो आणि आत जाणारी हवा ६० डिग्रीच्या पुढं जाते. ईसीयू लगेच टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागं ओढतो आणि गाडी जड वाटते. ओबीडीचा (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावायचा) छोटा डोंगल आणि मोबाईल ॲप घेऊन इनटेक टेंपरेचर बघत जा. चालत्या गाडीत ते बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस डिग्री वर असेल तर ठीक, त्याच्या फार वर राहत असेल तर मॅपपेक्षा मोठा इंटरकूलर जास्त फायदा देईल. उद्यमबागमध्ये आर्गन वेल्डिंग करणारे चांगले हात आहेत, पाईप आणि एंड टँक तिथं होतात, पण कोअर मात्र चांगल्या कंपनीचा रेडीमेड घ्या. आणि बसवायच्या आधी पाईप आतून धुऊन घ्या, वेल्डिंगचा एक कण इंजिनात गेला तर सगळं संपलं.

घाटाचं वेगळं सांगतो. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याला जाताना बरेच जण ॲव्हरेजसाठी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला ॲक्सिलेटर दाबून चढवतात. डिझेलला ते चालून जातं, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलला चालत नाही. कमी आरपीएम आणि जास्त लोड असला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, त्याला एलएसपीआय म्हणतात, आणि एका झटक्यात पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली कड) तुटू शकते. टॉर्कचा मॅप मारल्यावर हा धोका वाढतो. म्हणून घाटात गिअर पाडा, २५०० च्या वर ठेवा. ऑईल एपीआय एसपी ग्रेडचंच वापरा, २०२० ला आलेला हा ग्रेड याच दोषाचा विचार करून बनवलाय, त्यात कॅल्शियम कमी असलेलं डिटर्जंट असतं. कंपनी दहा हजार म्हणते तरी ट्यून केलेल्या गाडीत पाच हजारला बदला. आणि घाट चढून वर आलात की लगेच चावी बंद करू नका, शेवटचे एक-दोन किलोमीटर हळू चालवा किंवा मिनिटभर आयडलला ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतं.

तोच घाट केरीकडं उतरताना ब्रेकचा प्रश्न. पॉवरच्या आधी ब्रेक फ्लुईड नवीन डॉट ४, चांगले पॅड, चांगले टायर. पावसाळ्यात कणकुंबीला जो पाऊस असतो त्यात घासलेल्या टायरवर दहा पीएस जास्त काय कामाचे?

एवढं झाल्यावर लॉगिंग, म्हणजे चालत्या गाडीचे आकडे नोंदवून ठेवणं. मॅपच्या आधी, स्टॉक (कंपनीच्या मूळ सेटिंगच्या) गाडीवर. पहाटे गार हवेत आणि दुपारी तापलेल्या हवेत, दोन्ही वेळचे. तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ४५०० पर्यंत एकसारखा ॲक्सिलेटर, मोकळ्या हायवेवर, वेग शंभरच्या आत राहतो तेवढंच, आणि मोबाईल शेजारच्याच्या हातात. आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, इनटेक टेंपरेचर, इग्निशन टायमिंग, आणि मिळत असेल तर नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळं टायमिंग किती मागं ओढलं ते). टायमिंगची रेघ बूस्ट आल्यावर सरळ वर चढत गेली पाहिजे. मधेच तीन-चार डिग्री खाली पडून परत येत असेल तर गाडी स्टॉकवरच नॉक होतीय आणि ईसीयू तिला वाचवतोय. तशा गाडीवर कुणी मॅप मारायला तयार झाला तर तो ट्यूनर बदला.

मॅप करायला पुणे किंवा बेंगळुरूला डायनोवर (गाडी जागेवर पळवून पॉवर मोजायचं मशीन) जा. दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत लावायचे पिगीबॅक डबे ऑनलाईन मिळतात, ते ईसीयूला दाबाचा खोटा आकडा दाखवून बूस्ट वाढवून घेतात, पण टायमिंगला हात लावत नाहीत, मला ते आवडत नाही. नीट मॅपमध्ये ट्यूनर बूस्ट थोडा, टायमिंग थोडं आणि पेट्रोल थोडं असं तिन्ही जुळवतो. त्याला सांगा की टॉर्क २५०० च्या आत एकदम ओतू नको, वर जाऊन दे, म्हणजे क्लच पण टिकतो आणि इंजिनातले कनेक्टिंग रॉड पण. स्टॉक क्लच पहिला सुटतो, वरच्या गिअरमध्ये आरपीएम चढतंय आणि वेग नाही असं झालं की समजायचं. आणि ट्यूनरला आधीच सांगून ठेवा की गाडी ७५० मीटरवर राहते.

कायद्याचं स्पष्ट बोलू. जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या १८२ए कलमात मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. आपल्या गाड्यांवर कुणाच्या केए २२, कुणाच्या केए २३, आणि रोज कोल्हापूर किंवा गोव्याची हद्द ओलांडायची, म्हणजे तीन राज्यांचे पोलीस. कॅट (धूर साफ करणारा कन्व्हर्टर) काढून टाकणं आणि मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट हे दोन मी कुणालाच करू देत नाही, पीयूसी पण जातं आणि शेजारी पण. इन्शुरन्सला न सांगता इंजिनात बदल केला तर क्लेम अडकू शकतो, हे पण धरून चला. मोठी पॉवर पाहिजे असेल तर ती गाडी ट्रॅकची ठेवा.

मॅप झाल्यावर पहिले हजार किलोमीटर दर आठवड्याला सगळे क्लॅम्प हातानं तपासा, गरम-थंड होऊन ते सैल पडतात. हजारला प्लग काढून बघा. पोर्सेलिनवर मिरीच्या पूडसारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले तर ते नॉकिंगचं लक्षण, गाडी लगेच स्टॉक फाईलवर न्या आणि ट्यूनरला लॉग पाठवा. स्टॉक फाईलची एक कॉपी ट्यूनरकडं आणि एक स्वतःकडं पेन ड्राईव्हमध्ये ठेवा, काढलेले ओरिजिनल पार्ट खोक्यात नाव टाकून ठेवा, आणि एप्रिल आला की दुपारचा लॉग परत एकदा काढा, कारण डिसेंबरच्या थंडीत सरळ दिसलेली टायमिंगची रेघ उन्हाळ्यात पडलेली दिसू शकते.