टॅब्लेटवरील सिंथचे सॅम्पल घेण्याआधीची तयारी

जुन्या आयपॅडवर तीन-चार सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे कीबोर्डचे आवाज घडवणारी ॲप, एकाच वेळी उघडले की कार्यक्रम ऐन रंगात आलेला असताना प्रोसेसर मान टाकतो आणि आवाज फाटू लागतो. सोलापुरात लग्नाच्या स्वागत समारंभांपासून गणेशोत्सवापर्यंत कीबोर्ड वाजवणाऱ्या अनेकांनी हे सोसलेले आहे. सिंथ प्रत्येक स्वर त्या क्षणी गणित करून घडवतो, तर सॅम्पलर आधीच मुद्रित केलेला स्वर नुसता वाजवतो, म्हणून नेहमीच्या आवाजांचे सॅम्पल करून ठेवल्यास यंत्रावरचा भार पुष्कळ हलका होतो. मुद्रणाआधीची तयारी नीट असेल तर एक आवाज तासाभरात हातावेगळा होतो. नसेल तर दोन संध्याकाळी जाऊनही काम अर्धवट राहते.

आरंभ कागदावर करावा. गेल्या काही कार्यक्रमांत खरोखर वाजवलेले आवाज लिहून काढावेत आणि तेवढेच घ्यावेत. सिंथमधले सगळे प्रीसेट (तयार आवाज) सॅम्पल करण्याचा मोह निव्वळ साठवणूक वाढवतो. पॅड (मागे लांबत राहणारे मऊ आवाज), घंटेसारखे आवाज, बेस आणि स्ट्रिंग्ज सॅम्पलमध्ये चांगले उतरतात. ज्या आवाजाची सारी गंमत वाजवताना फिल्टर फिरवण्यात आहे, तो मात्र सिंथवरच राहू द्यावा. एका ॲपचा आवाज दुसऱ्यात नेणारी इंटर-ॲप ऑडिओ ही जुनी जोडणी ॲपलने २०१९ मध्ये आयओएस १३ पासून कालबाह्य ठरवली आहे, तेव्हा केवळ तिच्यावर चालणारा एखादा सिंथ असेल तर यादीत त्याला पहिला क्रमांक द्यावा. सॅम्पल इतर वादकांना देण्याचा विचार असल्यास सिंथचा परवाना आधी वाचावा, कारण काही ठिकाणी तशी मनाई असते.

निवडलेला आवाज मग उघडा करावा. रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी) आणि अर्पेजिएटर (कॉर्डचे स्वर आपोआप एकेक वाजवणारी सोय) बंद करावेत. रिव्हर्ब सॅम्पलमध्येच मुरला तर चार स्वरांच्या कॉर्डमध्ये चार रिव्हर्ब एकमेकांवर चढतात आणि आवाज गढूळ होतो; तो सॅम्पलरच्या शेवटी एकदाच लावलेला बरा. ज्या कोरसशिवाय (आवाज दाट करणाऱ्या इफेक्टशिवाय) तो आवाज ओळखूच येणार नाही, तो कोरस अर्थातच ठेवावा. आवाजात एलएफओची, म्हणजे सिंथमधल्या संथ लहरीने येणारी, थरथर असेल, तर ती प्रत्येक स्वराबरोबर नव्याने सुरू होईल अशी जुळणी करावी, नाहीतर प्रत्येक सॅम्पल थरथरीच्या वेगळ्याच टप्प्यावर सुरू होतो.

किती पट्ट्या मुद्रित करायच्या, हा या साऱ्या कामातला कळीचा निर्णय आहे. मुद्रित न केलेल्या पट्टीसाठी सॅम्पलर शेजारचाच सॅम्पल सरकवून वाजवतो. सॅम्पल एक पट्टी वर सरकवला की तो सुमारे ६ टक्के वेगाने वाजतो, तीन पट्ट्या सरकवला की सुमारे १९ टक्के; स्वराबरोबर थरथर आणि आवाजाचा उठावही तितकाच घाईला येतो. म्हणून प्रत्येक सप्तकात पांढरी एक, काळी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा एवढ्या चारच पट्ट्या घ्याव्यात आणि प्रत्येक सॅम्पल शेजारची एक खालची व एक वरची पट्टी सांभाळेल अशी वाटणी ठरवावी. मिडी या वाद्यांच्या संदेशपद्धतीत प्रत्येक पट्टीला क्रमांक असतो; त्यातल्या ३६ ते ८४ या क्रमांकांत, म्हणजे चार सप्तकांत, असे १७ स्वर होतात. पट्टीची नोंद नेहमी मिडी क्रमांकानेच करावी, कारण ६० क्रमांकाच्या मधल्या पांढरी एकला काही कंपन्या सी३ म्हणतात आणि काही सी४, आणि या घोळात अख्खा आवाज एक सप्तक सरकून बसतो.

व्हेलॉसिटीचे, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्यानुसार वेगवेगळे मुद्रित केलेले, थर ठरवण्यापूर्वी एकच पट्टी आधी ३० आणि मग १२० व्हेलॉसिटीने वाजवून ऐकावी. केवळ आवाज लहानमोठा होत असेल तर एक थर पुरतो, बाकीचे सॅम्पलर सांभाळतो. स्वराचा पोतही बदलत असेल तर ४५, ९० आणि १२७ असे तीन थर घ्यावेत.

आता हे सगळे स्वर ओळीने वाजवणारी मिडी फाइल एकदाच तयार करावी, कारण पुढच्या प्रत्येक आवाजाला तीच लागणार आहे. लय मिनिटाला ६० मात्रांची ठेवावी, स्वर पाच मात्रा धरावा आणि पुढच्या तीन मात्रा विरण्यासाठी सोडाव्यात, म्हणजे प्रत्येक स्वराला बरोबर ८ सेकंद मिळतात. तीन थरांचे ५१ स्वर ६ मिनिटे ४८ सेकंदांत संपतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशा मुद्रणाला सुमारे ११८ एमबी जागा लागते. बेससारखा आवाज मोनो घेतला तर निम्मी पुरते. सगळे एका लांब फाइलमध्ये मुद्रित करून समान तुकडे पाडावेत. प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्रपणे बटण दाबत बसणे हा वेळेचा शुद्ध अपव्यय आहे. सिंथजॅकर हे ॲप स्वर वाजवण्यापासून तुकडे करण्यापर्यंतचे काम आपोआप करते, पण वरचे निर्णय त्यालाही आपणच सांगावे लागतात.

यंत्राच्या तयारीत विमान मोड विसरू नये. माझे एक मुद्रण शेवटच्या चार स्वरांवर आलेले असताना मांडववाल्याचा फोन आला, ऑडिओ तुटला आणि सगळे पुन्हा करावे लागले. वाजवताना बफर (आवाज बाहेर पडण्याआधी तो जिथे साठतो तो टप्पा) लहान लागतो, मुद्रणात मात्र तो १०२४ नमुन्यांपर्यंत वाढवावा. ४८ किलोहर्ट्झला होणारा सुमारे २१ मिलिसेकंदांचा उशीर सगळीकडे सारखाच असल्याने कापताना काढता येतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना तापलेला टॅब्लेट स्वतःहून मंदावतो, म्हणून त्या दिवसांत हे काम पहाटे करावे आणि जाड कव्हर काढून ठेवावे. शेजारच्या यंत्रमागाच्या खडखडाटाची मात्र काळजी नको, कारण ध्वनी यंत्राच्या आतल्या आतच फिरतो. ऐकून तपासायला तेवढे कान झाकणारे हेडफोन लागतात.

पातळी सर्वांत जोरकस स्वराला उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवावी. नंतर वाढवायची झाल्यास संपूर्ण लांब फाइलची एकदम वाढवावी. प्रत्येक तुकडा वेगवेगळा वाढवला तर मंद थरही जोरकस थराइतकाच मोठा होतो आणि थर घेण्याचा हेतूच उरत नाही. तुकड्याच्या नावात आवाज, मिडी क्रमांक आणि व्हेलॉसिटी याच क्रमाने लिहावे, म्हणजे ३९ क्रमांकाचा सॅम्पल ३८ ते ४० या पट्ट्यांवर बसवताना फाइल उघडून पाहावी लागत नाही. लांबणाऱ्या पॅडचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा भाग) जोडताना लहर शून्य रेषा ओलांडते तो बिंदू शोधावा आणि त्यावर थोडा क्रॉसफेड द्यावा, म्हणजे एक टोक विरत असताना दुसरे चढवावे. थरथर असेल तर लूपची लांबी तिच्या पूर्ण आवर्तनांइतकी धरावी.

शेवटी खालून वर एकेक पट्टी सावकाश वाजवून सांधे ऐकावेत आणि एका तालमीत तोच आवाज खऱ्या गाण्यात वापरून पाहावा. ती तालीम होईपर्यंत मूळ लांब फाइल पुसू नये.