ऊसबिल जमा झालं की या चुका टाळा

बँकेचा मेसेज येतो आणि त्या दिवशी घरातले सगळे एकदम गोड बोलायला लागतात. आमच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा-पलूसकडं पैसा असाच येतो. ऊसबिल, बेदाण्याची पट्टी, हळदीचा सौदा; वर्षातून दोन-तीनदा, ढिगानं. पैशाचे सल्ले मात्र सगळे पगारवाल्यांसाठी लिहिलेले. ‘दर महिन्याला पगारातले वीस टक्के बाजूला काढा’ म्हणे. कसला पगार? त्यामुळं आमच्या चुकाही वेगळ्या.

बिलाचा आकडा म्हणजे आपले पैसे, हा समज

साठ टन ऊस गेला, टनाला 3,100 धरा. 1,86,000 झाले. हाच आकडा डोक्यात बसतो आणि त्याच्या जिवावर फ्रिज उधारीवर घरात येतो. प्रत्यक्षात गावच्या सोसायटीच्या पीककर्जाची वसुली, समजा 1,10,000, कापून हातात पडतात 76,000. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. 76,000 ला अठरानं भागा, महिन्याला जेमतेम 4,200 पडतात. हा भागाकार बिल जमा झालं त्याच संध्याकाळी करायचा. चार दिवसांनी केला तर भागायला काही उरत नाही, हे स्वानुभवानं सांगतो.

आणखी एक. ऊस नियंत्रण आदेशानुसार एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, 14 दिवसांत मिळायला हवी. पण बिल हप्त्यानं येण्याची आपल्याला सवय आहे, तेव्हा तारीख गृहीत धरून कुणाला शब्द देऊ नका.

उपाय साधा आहे. सगळी रक्कम बचत खात्यात ठेवू नका. तीन-चार मुदत ठेवी करा: एक जूनला सुटणारी, शाळा आणि खतासाठी; एक दिवाळीच्या तोंडावर; एक पुढच्या फेब्रुवारीला. खात्यात दिसत नाहीत ते पैसे उचलले जात नाहीत.

एसआयपीचंही, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायचंही, तेच. फेब्रुवारीत खातं भरलेलं बघून एजंट महिना पाच हजारांची एसआयपी चालू करून देतो, जुलैत खातं कोरडं. हप्ता परत गेला की बँक दंड लावते आणि सलग तीन हप्ते चुकले की एसआयपी बंद पडते. त्यापेक्षा रक्कम एकदम लिक्विड फंडात (कमी जोखमीच्या, लवकर काढता येणाऱ्या) टाकून तिथून दर महिन्याला थोडी इक्विटी फंडात (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) वळवायची सोय असते, तिला एसटीपी म्हणतात. अर्थात पाच-सात वर्षं लागणार नाहीत, तेवढेच पैसे.

नवं-जुनं करायला शेकडा तीननं पैसे

ही चूक सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त घरांत होते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर केंद्राच्या सवलतीनं व्याज 4 टक्क्यांवर येतं आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेनं शून्यावर. तारीख चुकली की दोन्ही सवलती जातात. म्हणून मार्चअखेर नवं-जुनं करायची, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायची, धावपळ सुरू होते. सावकाराकडून ‘आठ दिवसांसाठी’ दोन लाख उचलायचे, सोसायटी भरायची, नवीन कर्ज आलं की परत द्यायचे. नवीन कर्ज आठ दिवसांत येतंच असं नाही. दोन महिने लागले तर महिना शेकडा तीननं 12,000 गेले. शून्य टक्क्याचं कर्ज टिकवायला!

त्याच घरात बायकोच्या नावावर सात टक्क्यांची ठेव पडून असते. “ती मोडायची नाही.” बरं, मोडू नका. ठेवीवर कर्ज मिळतं, साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जादानं. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. ‘शेकडा’ ऐकायला गरीब वाटतो, एवढंच.

गाडीचं कर्ज ‘फक्त बारा टक्के फ्लॅट’ मिळतंय असं कुणी म्हणालं तर तिथंही थांबा. लाखाला तीन वर्षांत 36,000 व्याज पडतं. मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, तरी व्याज पूर्ण लाखावर लागतं. घटत्या शिलकेवर मोजलं तर तो दर 21 टक्क्यांच्या आसपास जातो.

सोनं, पतसंस्था, दवाखाना

दागिना हौसेनं करा, गुंतवणूक म्हणू नका. लाखाच्या सोन्यावर 12 टक्के घडणावळ आणि त्या सगळ्यावर 3 टक्के जीएसटी धरला तर 15,360 रुपये दुकानातच राहिले. मोडताना घट वेगळी. विट्याकडच्या कुठल्याही गलाईवाल्याला, म्हणजे सोनं गाळणाऱ्याला, विचारा.

पतसंस्था अर्धा टक्का जास्त देते म्हणून सगळं तिथं ठेवू नका. बँक बुडाली तर व्याजासकट पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

आरोग्य विमा मात्र मिरजेच्या दवाखान्यात न्यायची वेळ यायच्या आधी काढायचा. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. शुगर निघाल्यावर पॉलिसी शोधणारे पाहुणे माझ्याकडं दरवर्षी येतात.

‘महिन्याला आठ टक्के’

इथं मी स्वतः आपटलोय. माणूस भावकीतल्याच एकानं आणलेला. शेअर मार्केटमध्ये लावतो, महिन्याला आठ टक्के देतो, म्हणाला. आठ टक्क्यांनं पैसे नऊ महिन्यांत दुप्पट होतात, हा हिशोब मला येत होता. तरी 50,000 दिले, कारण शेजाऱ्याला मिळाले होते. चार महिने चार-चार हजार आले. पाचव्या महिन्यात ऑफिसला कुलूप.

असं कुणी भेटलं तर सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर नोंदणी आहे का ते बघा. नोंदणीकृत सल्लागाराला खात्रीच्या परताव्याचं आश्वासन देता येत नाही, म्हणजे आकडा ऐकला तिथंच उठायचं. पैसे रोख देऊ नका. आणि अडकलातच तर लाजून घरी बसू नका. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 1999 चा कायदा आहे, पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडं तक्रार करता येते. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच 1930 ला फोन.

मी पैसे बँकेतून दिले होते, म्हणून तक्रारीला निदान खात्याचा उतारा तरी जोडता आला. 34,000 रुपये अजून त्या तक्रार अर्जावरच आहेत.