मोतोको नेमकी कोणती? 'घोस्ट इन द शेल'वरचा वाद पुराव्यावर कसा आणायचा

'घोस्ट इन द शेल' या जपानी विज्ञानकथेची नायिका म्हणजे मोतोको कुसानागी ऊर्फ 'मेजर', कृत्रिम शरीराची पोलीस अधिकारी. तिला दारू चढते का? तिचं वजन किती? तिच्यात मूळ शरीराचं काय उरलंय? मेजरचे चाहते या प्रश्नांवर वर्षानुवर्षं भांडत आलेत, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही बाजू खरं बोलत असतात. एकाच्या डोळ्यांसमोर १९९५ च्या चित्रपटातली मोतोको असते, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर मालिकेतली. म्हणून उत्तर शोधायच्या आधी एक प्रश्न विचारायचा: कोणती मोतोको?

आधी कंटिन्युइटी ठरवा

कंटिन्युइटी म्हणजे कथेची एक स्वतंत्र रेषा. मासामुने शिरोचा मंगा (जपानी चित्रकथा) १९८९ मध्ये सुरू झाला. मामोरू ओशीचा चित्रपट १९९५ चा, आणि त्याचा पुढचा भाग 'इनोसन्स' २००४ चा. केंजी कामियामाची 'स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' मालिका २००२ पासून सुरू झाली. तिचा दुसरा हंगाम 'सेकंड गिग', मग २००६ चा 'सॉलिड स्टेट सोसायटी' आणि २०२० मध्ये आलेली 'एसएसी २०४५' हे सगळं एकाच रेषेत येतं. २०१३ पासूनचं 'अराइझ' वेगळं. २०१७ चा हॉलिवूडपट तर आणखीच वेगळा, तिथे नायिकेला मीरा किलियन म्हणून ओळखतात. ही सगळी एकाच बाईची सलग चरित्रं नाहीत. एकातला तपशील दुसऱ्यात पुरावा म्हणून चालत नाही.

समोरच्याने नुसता स्क्रीनशॉट टाकला आणि नाव दिलं नाही, तर ओळखायच्या खुणा अशा. सोबत बोलणारे छोटे रणगाडे पाहा: फुचिकोमा असतील तर मंगा, ताचिकोमा असतील तर 'स्टँड अलोन कॉम्प्लेक्स', लॉजिकोमा असेल तर 'अराइझ'. १९९५ च्या चित्रपटात असे बोलके रणगाडेच नाहीत. केस जांभळे आणि डोळे लाल असतील तर मालिका. केस निळे आणि आखूड असतील तर 'अराइझ'. केस काळपट आणि चेहरा थोराड, गंभीर असेल तर ओशीची मोतोको. आवाजाची क्लिप असेल तर काम आणखी सोपं. ओशीच्या चित्रपटांत आणि कामियामाच्या मालिकांत आवाज आत्सुको तानाकाचा, 'अराइझ'मध्ये माया साकामोतोचा. एक अपवाद लक्षात ठेवा: १९९५ च्या चित्रपटाच्या शेवटी मोतोको लहान मुलीच्या शरीरात बोलते, तो आवाजही साकामोतोचाच आहे. त्यामुळे केवळ आवाजावरून 'हे अराइझच' असं म्हणू नका.

मग प्रत तपासा

कंटिन्युइटी बरोबर असूनही वाद फसतो, तो प्रतीमुळे. १९९५ चा चित्रपट २००८ मध्ये '२.०' या नावाने पुन्हा आला. त्यात सुरुवातीच्या दृश्यासह काही दृश्यं संगणकावर नव्याने केली, हिरवट छटा जाऊन नारिंगी आली, आणि गूढ हॅकर पपेट मास्टरचा आवाज इएमासा कायुमीऐवजी योशिको साकाकिबाराने दिला. पुरुषाच्या आवाजाच्या जागी बाईचा आवाज. 'पपेट मास्टरचा आवाज पुरुषी की बायकी' हा वाद इथेच संपतो: दोन प्रती, दोन उत्तरं. त्वचेचा किंवा डोळ्यांचा रंग ठरवायला '२.०'ची फ्रेम वापरू नका.

मंगाच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो डाव्या-उजव्याचा. जुनी इंग्रजी आवृत्ती डावीकडून उजवीकडे वाचता यावी म्हणून पानं आरशासारखी उलटी छापली होती. त्यात उजव्या हातातलं पिस्तूल डाव्या हातात जातं, मानेवरच्या खुणा बाजू बदलतात. २०१७ च्या डिलक्स आवृत्तीत पानं मूळ जपानी दिशेनेच आहेत. 'मेजर डावखुरी आहे का' असा प्रश्न आला की आधी आवृत्ती विचारायची. पान उलटं आहे का, हे चित्रातल्या जपानी अक्षरांवरून पटकन कळतं, कारण उलटी झालेली अक्षरं लपत नाहीत.

वेळ लिहितानाही जपून. २४ फ्रेमचा चित्रपट जुन्या युरोपियन डीव्हीडीवर २५ फ्रेमच्या वेगाने पळतो, म्हणजे सुमारे ४ टक्के लवकर संपतो. ८२ मिनिटांचा चित्रपट ७९ मिनिटांच्या आत येतो, आणि शेवटाकडे तुमच्या आणि समोरच्याच्या वेळेत तीन मिनिटांहून जास्त फरक पडतो. नुसता मिनिटांचा आकडा न देता दृश्याचं वर्णनही द्या: 'नावेवरचं संभाषण, बिअरचा कॅन हातात' असं.

थांबवलेली फ्रेम हा कच्चा पुरावा

सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी जपानी ॲनिमेशनमध्ये एक चित्र बहुधा दोन किंवा तीन फ्रेम टिकतं. तीन फ्रेमच्या हिशोबाने सेकंदाला फक्त ८ चित्रं. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं दुसरे कलाकार भरतात, आणि त्यांत बोटं लांबतात, सांध्याची रेषा सरकते, डोळा मोठा होतो. तेवढ्यावरून 'तिच्या मनगटावर जोड आहे' किंवा 'नाही' असं सिद्ध होत नाही. तपशील निदान दोन वेगळ्या शॉटमध्ये दिसला पाहिजे, आणि त्यातला एक स्थिर, जवळून घेतलेला असेल तर उत्तम. शरीर जुळवण्याचं जे दृश्य सुरुवातीच्या श्रेयनामावलीसोबत येतं, ते यासाठी सोन्यासारखं आहे, कारण तिथे शरीराची रचना दाखवणं हाच हेतू आहे.

नावेवरचं दृश्य: अर्ध्या वादांचं उत्तर

१९९५ च्या चित्रपटाबद्दल बोलायचं असेल तर अर्ध्या तासाच्या आसपासचं समुद्रातलं दृश्य आधी नीट पाहा, जपानी आवाजात. मोतोको बुडी मारून वर येते, मग तिचा सहकारी बातोसोबत बिअर पिते. त्या दोन-तीन मिनिटांत बरंच काही स्पष्ट सांगितलंय.

दारूचं उत्तर तिच्याच तोंडी आहे: मनात आणलं तर शरीरात बसवलेली रासायनिक यंत्रणा रक्तातलं अल्कोहोल मिनिटाच्या आतच मोडून टाकते आणि ती पुन्हा शुद्धीवर येते, म्हणूनच ड्युटीवर वाट पाहत असतानाही पिता येतं. म्हणजे तिला दारू चढू शकते, आणि ती उतरवणं तिच्या हातात आहे. 'सायबॉर्गला दारू चढतच नाही' हे चूक. 'रक्त' हा शब्दही नजरेतून सोडू नका. 'तिच्या अंगात रक्त नाही' म्हणणाऱ्यांना हे एक वाक्य पुरेसं आहे.

त्याच संभाषणात ती म्हणते, की या क्षमता मिळवल्याबद्दल उच्च दर्जाच्या देखभालीशिवाय जगता न येणं ही किंमत आहे. आणि नोकरी सोडायचा हक्क आहे, पण त्यासाठी हे शरीर आणि आठवणींचा काही भाग सरकारला परत द्यावा लागेल. 'शरीर कोणाच्या मालकीचं' हा वाद इथे मिटतो. आठवणींचा भाग मात्र बरेच जण विसरतात, आणि मला तोच जास्त भयंकर वाटतो.

आता वजन. बातो विचारतो, की फ्लोटर (तिला पाण्यावर आणणारं तरंगण्याचं साधन) चालला नाही तर? ती मरणाची शक्यता सहज बोलून जाते. यावरून चाहते १२० किलो, १५० किलो, ३०० किलो असे आकडे काढतात. दृश्यातून प्रत्यक्षात निघतं ते एवढंच: तिची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त आहे. एक लिटर समुद्राचं पाणी साधारण १.०२५ किलो भरतं. तिच्या बांध्याचं आकारमान ६० लिटर धरलं, तर बुडायला ६१.५ किलोपेक्षा जास्त वजन पुरे. ही खालची मर्यादा झाली. वरची मर्यादा हे दृश्य देत नाही. आकडा सांगायचाच असेल तर आकारमान किती धरलं ते आधी लिहा.

ताकदीची मर्यादा मात्र चित्रपट स्वतः दाखवतो. शेवटाकडे ती कोळ्यासारख्या रणगाड्याचं झाकण उपटायला जाते, स्नायू फुगतात, आणि झाकणाच्या आधी तिचेच हात तुटतात. म्हणजे जोर लावणारा भाग जोडांपेक्षा बळकट आहे. तो जोर किती टनांचा, हे मात्र या दृश्यावरून काढता येणार नाही.

एकातलं दुसऱ्यात ओतू नका

नावेच्या दृश्यानंतर शहराची भटकंती येते आणि मोतोकोला काचेपलीकडे तिच्याच चेहऱ्याची बाई दिसते. त्यावर हमखास येणारं उत्तर: 'तिचं शरीर बाहेरून साधं मॉडेल आहे, आतून खास, म्हणजे सुट्या भागांसाठी कोणी तिला पळवू नये.' हे खरं आहे, पण मंगातलं. शिरोने ते टीप म्हणून लिहिलंय. चित्रपट फक्त सारखा चेहरा दाखवतो, कारण देत नाही. चित्रपटाबद्दल लिहिताना 'सारख्या शरीराची दुसरी बाई आहे' इथे थांबा. मंगावर वाद असेल तर उलट, समासातल्या टिपा आधी वाचा. शिरो तिथे तंत्राचं इतकं लिहितो, की संवाद वाचून टिपा सोडणं म्हणजे अर्धा मंगा न वाचणं.

बालपणाचंही तेच. 'सेकंड गिग'च्या ११ व्या भागात विमान अपघात, लहानपणीच मिळालेलं कृत्रिम शरीर आणि कागदी बगळा घडण्याचा प्रसंग आहे. नवं शरीर मिळालं तरी बोटांना नाजूक काम शिकावं लागतं, हे इथे फार सुंदर दाखवलंय. 'अराइझ'मध्ये ती जन्माच्या आधीपासूनच कृत्रिम शरीरात आहे. १९९५ चा चित्रपट बालपणाबद्दल गप्प आहे. या तिन्हींची सांगड घालून 'खरं चरित्र' रचायला जाऊ नका, ते जुळत नाही.

भाषा: खरी फसगत इथे

सुरुवातीला बातो म्हणतो, की तुझ्या मेंदूत आज खूप नॉइज आहे. ती उत्तर देते: 'सेइरी-चू', म्हणजे मासिक पाळी चालू आहे. यावरून 'तिला गर्भाशय आहे' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. पूर्ण कृत्रिम शरीराबद्दलची सगळी माहिती याविरुद्ध आहे, आणि तिचा स्वर कोरड्या विनोदाचा आहे. पात्राचं वाक्य हा पुरावा असतो, पण ते कोणत्या सुरात म्हटलंय हेही त्या पुराव्यातच मोडतं. डब किंवा उपशीर्षकावरून बोलत असाल तर मूळ वाक्य ऐकल्याशिवाय पैज लावू नका.

शब्दही नीट वापरा. 'गितै' म्हणजे कृत्रिम शरीर, 'झेनशिन गितै' म्हणजे संपूर्ण कृत्रिम शरीर, 'देन्नो' म्हणजे यंत्राशी जोडलेला मेंदू. तिचा सहकारी तोगुसा, त्याला देन्नो आहे, पण शरीर बहुतांशी स्वतःचं. मोतोकोला दोन्ही आहे. तिला रोबो म्हटलं की चर्चा तिथेच भरकटते.

या कथेत माणसाच्या जाणिवेला, त्याच्या 'मी'पणाला 'घोस्ट' म्हणतात. मराठीत लिहिताना त्यासाठी 'आत्मा' वापरायचा मोह होतो. टाळा. आपल्याकडचा आत्मा अमर आणि अखंड. 'इनोसन्स'मध्ये घोस्टची नक्कल काढली जाते, आणि त्यात मूळ माणसाचीच हानी होते. 'आत्मा' लिहिलात की 'तो नष्ट होईलच कसा' असा वाद सुरू होतो, जो कलाकृतीत नाहीच. शेवटच्या शरीरबदलाला 'परकायाप्रवेश' म्हणण्यातही हाच धोका आहे, शब्द कितीही गोड वाटला तरी. 'घोस्ट' तसाच ठेवा.

जिथे उत्तर नाही, तिथे तसं लिहा

तिच्या कवटीत खरा मेंदू आहे का? लिफ्टमध्ये ती स्वतःच बातोला म्हणते, की स्वतःचा मेंदू कोणी पाहिलेला नसतो. चित्रपटाने हा प्रश्न मुद्दाम उघडा ठेवलाय. त्यावर मत मांडा, भरपूर मांडा, पण 'सिद्ध झालं' लिहू नका.

उत्तर लिहिताना क्रम असा ठेवा: दावा, कंटिन्युइटी, प्रत, दृश्य, भाषा, आणि पुरावा कोणत्या दर्जाचा. उदाहरणार्थ: 'मोतोको अल्कोहोल मुद्दाम उतरवू शकते. १९९५ चा चित्रपट, मूळ प्रत, नावेवरचं संभाषण, जपानी संवाद. पात्राने स्पष्ट सांगितलेलं.' किंवा: 'तिचं वजन ६१.५ किलोपेक्षा जास्त. तोच चित्रपट, तेच दृश्य. ६० लिटर आकारमान धरून काढलेला अंदाज.' यात चूक असेल तर समोरचा नेमकी तीच जागा दाखवू शकतो.

पपेट मास्टरबद्दल मराठीत लिहिताना शेवटची एक अडचण येते, जी जपानीत येत नाही. आपलं क्रियापद लिंग मागतं: म्हणाला की म्हणाली? एकदा 'म्हणाला' लिहिलं की वाद अर्धा एका बाजूला झुकतो. आवाज प्रतीनुसार बदलतो, शरीर बाईचं आहे, आणि ते स्वतःला माहितीच्या सागरात जन्मलेला जीव म्हणवतं. 'ते म्हणालं', 'ते आलं' असं नपुंसकलिंगी लिहा. पहिल्या दोन वाक्यांत कानाला खटकेल, तिसऱ्यापासून सवय होते.