पणजोबांचा भाऊ 'गायब' झाला? गोव्यात शोधताना या चुका टाळा

आमच्याकडे बऱ्याच घरांत असा एकजण असतो, "तो मुंबयक गेलो तो परत येवंकच ना" एवढ्यावर विषय संपतो. मग एखादा नातू शोधायला बसतो आणि सुरुवातच गोष्टीपासून करतो. कोणी म्हणतं पोर्तुगीज पोलिसांनी उचलला, की लगेच स्वातंत्र्यसैनिकांच्या याद्या धुंडाळायच्या. अरे पण साल कुठलं? दीपाजी राण्यांचं बंड 1852 चं, लोहियांची मडगावची सभा 1946 ची, मधे जवळजवळ शंभर वर्षं आहेत!

आधी तो शेवटचा जिवंत कुठल्या कागदावर दिसतो ते शोधा. कोमुनिदादचे (गावच्या सामायिक जमिनीची संस्था) गांवकार म्हणजे वंशपरंपरागत सभासद असाल तर झोणाच्या, म्हणजे सभासदांना मिळणाऱ्या वाट्याच्या पैशांच्या, वह्या बघा, पैसे घेतल्याची सही कुठल्या वर्षी थांबली तिथून पुढे शोधायचं, फक्त सही त्याचीच आहे की भावाने त्याच्या वतीने केलीय ते नीट बघा. देवळाच्या महाजनांच्या (वंशपरंपरागत सभासदांच्या) यादीवर मात्र एवढा भरवसा नको, माणूस गेला तरी नाव तसंच राहू शकतं.

नाव मराठी डोक्याने शोधू नका. पोर्तुगीज कागदात केशव 'क्यू'खाली, शंकर 'एक्स'खाली, कामत 'कामोतिं' आणि शेणवी 'सिनाय'. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे विठ्ठल रामा आणि रामा विठ्ठल यांची हमखास सरमिसळ होते. बाई हरवली असेल तर अजून कठीण, लग्नात नावच बदलायचे ना, माहेरचं नाव धरून बसलात तर ती सापडणारच नाही, तिच्या मुलांच्या जन्मनोंदी बघा. आणि सिव्हिल रजिस्टर (जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद) 1914 पासूनचं, त्याआधीचा हिंदू माणूस तिथे नाही म्हणून तो नव्हताच असं धरू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इन्व्हेंटारची, म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या वाटणीच्या कोर्टातल्या दाव्याची, फाइल न बघणं. लोक पणजीला पुराभिलेखात जातात (जायलाच हवं) पण तालुक्याच्या कोर्टात जात नाहीत. वाटणी झाली असेल तर घरातला कर्ता, 'काबेस दि काझाल', शपथेवर सगळे वारस सांगतो, कोणाचं लग्न झालंय, कोण कुठे राहतो, कोणाचा ठावठिकाणा नाही. घरात तीन पिढ्या जे कोणी बोललं नाही ते तिथे दोन ओळीत लिहिलेलं असू शकतं. ठाव नसलेल्या वारसाला बोलावणारी नोटीस सरकारी 'बोलेतिं'मध्ये (राजपत्रात) छापायचे, म्हणून फाइलमधली तारीख घेऊन मध्यवर्ती ग्रंथालयात त्या सुमाराचे अंक चाळा.

आणि हो, म्हाताऱ्या काकांना विचारायला जाताना एक-चौदाचा (जमिनीचा) उतारा हातात घेऊन जाऊ नका. त्यांना वाटतं तुम्ही जमिनीचा वाटा मागायला आलात, मग ते तोंडच उघडत नाहीत. जुने फोटो घेऊन जा, जमिनीचं नंतर बघता येतं.