आधी पूल मोजा, मग किलोमीटर: मलप्रभेच्या खोऱ्यात दोन दिवस सायकलवर

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, तिथली उंची ७९० मीटरच्या आसपास. मधलं अंतर पंचेचाळीसेक किलोमीटर. म्हणजे चढ चाळीस मीटरचा, त्यात काय मोठंसं? या हिशेबावर मी पहिल्यांदा निघालो आणि जांबोटी यायच्या आधीच पोटऱ्यांत गोळे आले.

चूक कुठं झाली ते परत आल्यावर नकाशा पसरून बघितलं तेव्हा कळलं. खानापूरचा पश्चिम भाग ओढ्या-नाल्यांनी चिरलेला आहे. रस्ता प्रत्येक ओढ्यात उतरतो, पुलावरून जातो आणि पलीकडं पुन्हा वर चढतो. दोन टोकांच्या उंचीतला फरक चाळीस मीटर असला तरी पायांनी चढलेलं त्याच्या कितीतरी पट भरतं. तेव्हापासून मी वाट ठरवताना आधी पूल मोजतो. मोबाईलवरच्या नकाशात रस्त्याला आडव्या जाणाऱ्या निळ्या रेघा मोजायच्या आणि दर रेघेमागं मनात एक किलोमीटर वाढवायचा. हे काही शास्त्र नाही, पण माझ्या पायांना पटलेला हिशेब आहे.

कधी निघायचं

हस्त-चित्रा सरल्या की. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. ओढ्यांना पाणी असतं, रान हिरवं असतं आणि सकाळी अंगात स्वेटर लागतो. जून ते ऑगस्टमध्ये कणकुंबीकडं पावसाला खंड नसतो. धुक्यात समोरची म्हैस दहा हातांवर आल्यावर दिसते, आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना थेट तोंडावर. भिजायची हौस असेल तर जवळच्या जवळ भिजा. एप्रिल-मे सोडूनच द्या.

दिवाळीच्या आगेमागे एक गोष्ट ध्यानात ठेवा. गावांजवळ डांबरी रस्त्यावरच नाचणी, कुळीथ पसरलेलं असतं, गाड्यांच्या चाकांनी मळणी व्हावी म्हणून. काड चेनमध्ये आणि फ्रीव्हीलच्या दात्यांत असं गुंडाळतं की चाकच अडतं. मी एकदा तसाच घुसलो तर कडेला सूप घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "अवो, उतरून कडेनं जावा की, कुणी मारतंय काय तुमाला?" मग दहा मिनिटं चाव्यांच्या जुडग्यानं काड्या उपसत बसलो, आणि त्या बघत बसल्या. तेव्हा उतरा आणि कडेनं चालवत न्या.

सायकल कसली हवी

महागडी नको. रेसच्या बारीक टायरची तर नकोच, कारण जांबोटीपुढं अवजड वाहनांनी रस्ता जागोजागी खाल्लेला असतो. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर, दोन्ही ब्रेक घट्ट आणि मागची सर्वांत मोठी दातेरी चकती, म्हणजे सर्वांत हलका गियर, चालू स्थितीत, एवढं पुरे. बिनगियरची असली तरी जाता येतं. चढावर उतरून ढकलायची लाज मात्र वाटता कामा नये.

सोबत दोन ट्यूब, पंक्चरचं सोल्यूशन, पंप, पाने आणि चेनला घालायचं तेल घ्या. पाण्याच्या दोन बाटल्या, शेंगदाण्याची चिक्की आणि जमलं तर पावशेर कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई. बेळगावातून निघून कुंदा न नेणं मला तरी जमत नाही. शिवाय चढावर तो जेवढा कामाला येतो तेवढी पाकिटातली बिस्किटं येत नाहीत.

पंक्चर काढताना घाई करू नका, हे मी स्वतःच्या खर्चानं शिकलो. कुसमळीच्या अलीकडं मागचं चाक बसलं. झटपट नवी ट्यूब घातली, हवा मारली, निघालो. फर्लांगभर गेलो नाही तोच पुन्हा फुस्स. बैलं घेऊन चाललेले एक मामा थांबले. "काटा काढलासा काय टायरातला?" काढला नव्हता. बाभळीचा काटा टायरात मोडून आत बसलेला असतो, बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून बोट फिरवाल तर बोटच फाडून घ्याल. फडकं फिरवायचं. जिथं धागा अडकेल तिथं काटा, तो चिमट्यानं किंवा नेलकटरनं ओढायचा. मगच नवी ट्यूब.

आधी पाय तपासा

दोन दिवसांच्या सफरीआधी निदान दोन रविवार जवळपास काढा. एक फेरी राकसकोपची, हिंडलग्यावरून. बेळगावला पाणी देणारं हे धरण मार्कंडेय नदीवर आहे. वाट सोपी, झाडीची. तिकडं फिरताना मोबाईल मध्येच महाराष्ट्रात स्वागत करतो आणि थोड्या वेळानं कर्नाटकात. आम्हा सीमाभागातल्यांना त्याची सवय आहे, तुम्ही दचकू नका.

दुसरी फेरी येळ्ळूरच्या राजहंसगडाची. अंतर थोडं, पण शेवटचा चढ खरी परीक्षा घेतो. तो चढ न थांबता चढलात तर कणकुंबी तुमची. दोनदा थांबून चढलात तरी कणकुंबी तुमचीच, फक्त सकाळी अर्धा तास लवकर निघा.

पहिला दिवस: बेळगाव, जांबोटी, कणकुंबी

सहाला निघा. पिरनवाडी सोडली की शहर मागं पडतं. किणयेपर्यंत बोलत बोलत जाता येतं, खरी चढउतार त्यानंतर. पुलांचे उतार सुसाट सोडू नका, तळाशी हमखास खड्डा किंवा खडी असते. मात्र पुलावर यायच्या आधी गियर हलका करून ठेवा. पलीकडचा चढ सुरू झाल्यावर जोर लावून गियर बदलला की चेन उतरते, आणि ती नेमकी मागून ट्रक येताना उतरते.

कुसमळीला मलप्रभा पहिल्यांदा भेटते. थांबा, चेहऱ्यावर पाणी मारा. पुढं जांबोटीत नाश्ता. बाटल्या इथंच भरून घ्या, पुढं वस्ती विरळ आहे.

जांबोटी ते कणकुंबी साधारण १६ किलोमीटर. दोन्ही बाजूंना दाट रान. दक्षिणेकडं भीमगड अभयारण्य पसरलंय, २०११ साली जाहीर झालेलं. गवे आणि अस्वलं खरोखरची आहेत, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं आणि वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय आतल्या कच्च्या वाटांना लागायचं नाही. हा रस्ता पुढं चोर्ला घाटातून गोव्यात उतरतो, त्यामुळं वाहतूक बरीच. पाठीवर झगझगीत रंगाचं काहीतरी घाला आणि आंधळ्या वळणावर फोटोसाठी थांबू नका.

कणकुंबीत माऊलीचं देऊळ आहे आणि मलप्रभेचं कुंड. इथं बसून सभोवार नीट बघा. या अंगाला पडलेलं पाणी मलप्रभेतून कूडलसंगमला कृष्णेत जातं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पलीकडच्या अंगाला पडलेलं म्हादईला मिळतं, गोव्यात मांडवी होतं आणि पणजीजवळ अरबी समुद्राला भेटतं. गावाजवळ कळसा नाल्याच्या कालव्याचं खोदकाम दिसेल. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचा इतक्या वर्षांचा तंटा तो हाच. लवादानं २०१८ मध्ये निवाडा दिला, तरी वाद मिटलेला नाही.

घाट उतरायचा मोह आवरा. उतरलात तर तोच घाट परत चढायचाय. जेवून जांबोटीला माघारी या. दिवसभराचे साठेक किलोमीटर होतात. मुक्कामाची सोय फोनवर आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

दुसरा दिवस: नदीच्या सोबतीनं खानापूर

जांबोटीहून खानापूर १८ किलोमीटर. काल नदीकडं येणारे ओढे आडवे कापत होतो, आज तिच्या वाहण्याच्या दिशेनं जायचंय. जांबोटीजवळ हब्बनहट्टीला नदीच्या पात्रातच मारुतीचं देऊळ आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं, थंडीत खडकांवरून चालत गाभाऱ्यापर्यंत जाता येतं. खानापूरच्या अलीकडं असोग्याचा रामलिंगेश्वरही नदीकाठीच. मला विचाराल तर हब्बनहट्टीला तासभर जास्त काढा. सकाळचं ऊन खडकावर येईपर्यंत तिथं धोब्याच्या ठोक्यासारखा फक्त पाण्याचा आवाज असतो.

पायांत दम असेल तर खानापूरहून हलशी करा. एका बाजूला साधारण १४ किलोमीटर. कदंब राजांची ही जुनी राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे एकमेकांसमोर आहेत. येताना नंदगडला वळा, इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली जिथं फाशी दिलं ते हे गाव. हे सगळं करायचं तर खानापुरातून नऊच्या आत निघायला हवं. नाहीतर सरळ हलशी सोडा.

खानापूरच्या पश्चिमेला मराठीवर निभतं. पूर्वेकडं सरकाल तसं कन्नड वाढतं आणि पाट्याही बहुतेक कन्नडच. एवढे शब्द पाठ करा: नीरु म्हणजे पाणी, दारी म्हणजे वाट, एडक्के म्हणजे डावीकडं, बलक्के म्हणजे उजवीकडं. 'अण्णा' किंवा 'अक्का' म्हणून सुरुवात केली की पुढचं हातवाऱ्यांनी भागतं.

आता शेवटचे २६ किलोमीटर, खानापूर ते बेळगाव. इथं बरेच जण फसतात. नदीबरोबर खाली आलो, आता काय, घर जवळच आहे, असं वाटतं. पण खानापूर ६५० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे नदीनं जेवढं उतरवलं त्याची वसुली आता होते, जवळजवळ शंभर मीटर चढून. दुपारच्या उन्हात निघू नका. खानापुरात पोटभर जेवा, सावलीला तासभर पडा आणि साडेतीनला सायकलवर बसा. महामार्गावर कडेच्या पांढऱ्या पट्टीबाहेर राहायचं. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागं चिकटून जाऊ नका, वरून मोळी सुटते.

घरी पोचल्यावर आंघोळीआधी चेन पुसा. इकडची तांबडी माती तेलात मिसळून रात्रभर राहिली की सकाळी चेनवर घट्ट थर बसतो. तोंडाचं फडकं नाही, जुनी बनियन घ्या.