कार्टून सिरीयलचा पिक्चर करताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

मी एडिटर. महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत काम करतो, ऐरोलीहून रोज जाऊन येऊन. ११ मिनिटांचे कॉमेडी एपिसोड कापण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि मग एक दिवस चॅनलवाले म्हणाले की आता याचा पिक्चर करू. आम्हाला वाटलं सोपंय, कॅरॅक्टर तयार, आवाज तयार, बॅकग्राउंड पडलेत, फक्त लांबी वाढवायची. इथंच माती खाल्ली.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून टाकतो, कारण आमचे दोन महिने याच्यात गेले: पिक्चरमध्ये बोंब एकीकडे होते आणि बिघाड दुसरीकडे असतो. एपिसोडमध्ये असं नसतं, तिथं जोक पडला तर तोच जोक बदलायचा, संपलं.

"चाळिसाव्या मिनिटाला पोरं उठतात"

पहिलं अ‍ॅनिमॅटिक तयार झालं, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं टायमिंगवर लावून ऑफिसातल्याच लोकांचे कच्चे आवाज टाकलेला खडबडीत पिक्चर, ८४ मिनिटांचा. घणसोलीला एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावला, वीसेक पोरं जमवली, वडापावचं आमिष होतंच. मी पडद्याकडे पाठ करून पोरांकडे तोंड करून बसलो, मांडीवर वही आणि मोबाईलवर टाइमर. हे तुम्हीपण करा, फीडबॅक फॉर्मपेक्षा शंभर पट कामाचं आहे, कारण फॉर्मवर सगळी पोरं "छान होता" लिहितात.

वहीत काय निघालं ते बघा. अकराव्या मिनिटाच्या आसपास पहिली चुळबुळ, बाविसाव्याला परत, तेहतिसाव्याला परत. म्हणजे आम्ही नकळत एपिसोडलाच एपिसोड जोडला होता, दर अकरा मिनिटांनी गोष्ट मिटत होती आणि नवी सुरू होत होती, हातालाच सवय लागलेली. एकेचाळिसाव्या मिनिटाला मात्र एक पोरगा पायाच्या अंगठ्यावर चप्पल गरागरा फिरवायला लागला, त्याच्या शेजारची मुलगी खुर्चीतून घसरत घसरत पार खाली, पंखा बघत, आणि मागून आवाज आला, "दादा, अजून किती आहे?"

तिथं आमचा मोठा पाठलागाचा सीन होता. मग काय, तो सीन कापला. परत दाखवला, परत तेच. अजून कापला. तीन वेळा कापून सीनचा पार सांगाडा झाला तरी चप्पल फिरतच होती. शेवटी आमच्या रायटरच्या लक्षात आलं की चौदाव्या मिनिटाला आईने हीरोला माफ करून टाकलंय! सिरीयलमध्ये आई नेहमी शेवटी माफ करते म्हणून इथंही करून टाकली. आता आई रागावलेलीच नाही तर हा जीव तोडून पळतोय कशासाठी? माफीचा सीन काढला, पाठलाग जुन्या लांबीचा परत लावला, आणि पोरं गप बसली. त्यामुळे चाळिसाव्या मिनिटाला गळती दिसली की आधी पहिल्या पंधरा मिनिटांत शोधा, कोणता प्रश्न लवकर सुटलाय ते.

"मग मोठा व्हिलन आणू"

हा मीटिंगमध्ये हमखास येणारा सल्ला, आमच्याकडे पण आला, पृथ्वी गिळणारा राक्षस वगैरे. आमचा हीरो मुळात थापाड्या पोरगा, प्रत्येक एपिसोडला थाप मारतो, अडकतो, मार खातो, उद्या परत तेच. त्याला राक्षसाशी काय देणंघेणं? संकट हीरोच्याच खोडीतून निघालं पाहिजे. २००७ च्या सिम्पसन्सच्या पिक्चरमध्ये अख्ख्या गावावर काचेचा घुमट बसतो, पण का, तर घरातला बाप होमर डुकराच्या घाणीची टाकी तळ्यात नेऊन ओततो म्हणून. स्पंजबॉबच्या २००४ च्या पिक्चरमध्ये तर सुरुवातीला एवढंच होतं की मॅनेजरची पोस्ट त्याला मिळत नाही, कारण तू अजून लहान आहेस.

यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण मात्र डोरेमॉनचं आहे. त्याचा पहिला पिक्चर १९८० चा, आणि मूळ गोष्ट १९७५ ची एक छोटी कॉमिक. नोबिता फुशारकी मारतो की अख्खा डायनासोर शोधून दाखवीन, नाहीतर नाकाने स्पॅगेटी खाईन, मग अंडं सापडतं, पिल्लू वाढवतो, आणि रडत रडत टाइम मशीनने त्याला त्याच्या काळात सोडून येतो. गोष्ट संपली. पिक्चरमध्ये ती तिथं संपत नाही, नंतर कळतं की पिल्लू चुकीच्या ठिकाणी सोडलंय, सगळी गँग परत जाते आणि टाइम मशीनच बिघडतं. जिथं एपिसोड मिटला असता तिथूनच पुढचा पिक्चर. हे बघून आमच्या रायटरने राक्षस कचऱ्यात टाकला आणि एकच बदल केला, या वेळी हीरोची थाप लोकांना खरी वाटते. मार पडतच नाही. उलट सत्कार होतो. बस, नव्वद मिनिटांचं सामान मिळालं.

आणि हो, कॅरॅक्टर बदलायला घाबरू नका पण दुसराच माणूस करू नका. डोरेमॉनमधला जियान सिरीयलमध्ये सगळ्यांना बदडतो आणि पिक्चरमध्ये मित्रांसाठी जीव टाकतो, तरी तो जियानच वाटतो कारण आवाज आणि दादागिरी तशीच असते.

जोक चांगला लागतो पण पुढचं कुणाला कळत नाही

हा आजार टीव्हीवर दिसतच नाही कारण घरी दोन पोरं हसतात, थिएटरला दोनशे. आमच्याकडे कुकरची शिट्टी उडून थेट काकांच्या चहात पडते असा एक जोक होता, हॉल नुसता फुटायचा, आणि त्या हसण्याखाली पुढचा डायलॉग गाडला जायचा, "चावी तर तुझ्याच खिशात आहे!" त्या एका वाक्यावर पुढची वीस मिनिटं उभी होती. मग पोरं एकमेकांना विचारायची, हा परत का चाललाय? उपाय म्हणून तिथं चार सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने ९६ फ्रेम जागा केली. पण नुसता स्टिल होल्ड, म्हणजे थिजलेलं चित्र ठेवू नका, कारण तोच पिक्चर उद्या घरी मोबाईलवर बघताना ते चार सेकंद मेलेले दिसतात. आम्ही काकांना चहात बोट घालून शिट्टी शोधायला लावलं. हसणाऱ्याचं काही बुडत नाही आणि न हसणाऱ्याला बघायला काहीतरी असतं.

जोकची गर्दीपण कमी करा. दर दहा सेकंदाला एक गॅग, म्हणजे हसवायची करामत, हे ११ मिनिटं चालतं, तासभर चाललं की डोकं दुखतं. आमच्या स्क्रीनिंगला एका पोराची आजी आली होती, ती सगळ्यात जास्त कुठे हसली माहितीय? हीरो सत्काराचा हार घालून जिन्यात एकटाच बसलाय, डायलॉग नाही, म्युझिक नाही.

चित्राचं थोडक्यात. टीव्हीची फ्रेम १९२० बाय १०८०, आणि सिनेमाचं स्कोप, म्हणजे लांबट रुंद फ्रेम घेतली तर २ के या थिएटरच्या मापात २०४८ बाय ८५८, म्हणजे रुंदी वाढल्यासारखी वाटते पण उंची चक्क कमी होते. आमची बुटकी, मोठ्या डोक्याची कॅरॅक्टर, निम्म्यांचे केस कापले गेले आणि दोन्ही बाजूंना मोकळं मैदान. स्कोप घ्यायचं असेल तर स्टोरीबोर्डच्या आधी ठरवा. आउटलाइनची जाडी, एकच वॉक सायकल, म्हणजे चालण्याची तीच तीच चित्रं, सहा वेळा वापरणं, हे मॉनिटरवर लपतं, पडद्यावर नाही. नव्वद मिनिटं म्हणजे १ लाख २९ हजार ६०० फ्रेम, टू'ज वर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम ठेवून केलं तरी ६४ हजार ८०० चित्रं, त्यामुळे लायब्ररी, म्हणजे आधीची तयार चित्रं वापरावी लागणारच, पण गर्दीत वापरा, हीरोच्या क्लोजअपला नको. आणि पिक्चर आहे म्हणून सगळ्याला थ्रीडी चकाकी मारू नका. बॉब्ज बर्गर्स या अमेरिकन कार्टून सिरीयलवाल्यांनी २०२२ च्या पिक्चरला तीच साधी चित्रं ठेवून फक्त सावल्या आणि लाइट वाढवला, तेवढं पुरतं.

इंटर्व्हल स्क्रिप्टमध्येच लिहा, नाहीतर थिएटरवाला सोयीने कुठेही कापतो. ठरलेले आवाज काढून स्टार घेऊ नका, पोरं पहिल्या वाक्याला ओळखतात.

साउंड शेवटी तपासतात सगळे, आम्हीपण. टीव्हीला पहिल्यापासून शेवटपर्यंत म्युझिक वाजत ठेवायची सवय, ते तसंच फाईव्ह पॉइंट वनला, म्हणजे थिएटरच्या चहूबाजूंच्या स्पीकरवर नेलं तर डायलॉग ऐकूच येत नाहीत. आम्ही ठाण्यात एका मॉलमधल्या स्क्रीनवर सकाळच्या पहिल्या शोच्या आधी तासभर मागून घेतला आणि शेवटच्या रांगेत बसून ऐकलं. त्याच दिवशी एकोणीस ठिकाणचं म्युझिक काढलं.