घडीच्या चाकूच्या पात्यावरच्या खाचा आणि दाते कशासाठी असतात

घडीचा चाकू घेताना सगळे टोक आणि धार बघतात. आधी बघायचं ते पात्याचं बूड, म्हणजे मुठीलगतचा भाग. चाकू किती वर्षं नीट चालेल, ते तिथेच ठरतं.

धार जिथे संपते तिथे एक छोटी अर्धगोल खाच असते. ती धार लावण्यासाठी. खाच नसली की बुडाचा जाड भाग दगडाला अडतो आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर घासायचे राहून जातात. असं वारंवार झालं की तिथे उंचवटा राहतो आणि त्यापुढची धार खोलगट होते. मग पातं बोर्डावर पूर्ण टेकत नाही, कोथिंबिरीच्या काड्या अर्धवट जोडलेल्या राहतात.

स्प्रिंगच्या (मुठीच्या पाठीतल्या लवचीक पट्टीच्या) साध्या चाकूत खाचेच्या मागे बुडाचं एक टोक पुढे आलेलं असतं. चाकू मिटला की ते स्प्रिंगवर टेकतं आणि धार अधांतरी राहते. तपासायचं तर मिटलेल्या पात्याची पाठ बोटाने हलकेच दाबा आणि मग पातं उघडून धार दिव्याखाली धरा. धारेवर चकाकणारा ठिपका दिसला, तर ती तिथे स्प्रिंगवर आपटून बोथट झाली आहे. चाकू खटकन मिटू देऊ नका, पाठ धरून सावकाश मिटा. झिजलेल्या पात्याचं टोक मुठीबाहेर डोकावत असेल, तर बुडाचं हे टोक कानशीने घासतात. पण दोनच घासे द्या, मिटून बघा, मगच पुढे. जास्त घासलं गेलं तर ते भरून काढता येत नाही.

पाठीजवळची चंद्रकोरीसारखी खाच नखासाठी. ती बिजागरीपासून जितकी लांब, तितकं उघडायला कमी जोर लागतो. एका हाताने उघडायचं तर अंगठ्यासाठी खुंटी किंवा आरपार भोक लागतं. गोल भोक अमेरिकेच्या स्पायडरको कंपनीने 1981 पासून रुळवलं.

पाठीवरचे आडवे दाते अंगठा घसरू नये म्हणून. फार तीक्ष्ण असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर लाकूड तासताना फोड येतो.

टोकाकडे पाठही उतरती घासलेली असेल, तर ती धार नव्हे. तिच्यामुळे टोक बारीक होऊन सहज शिरतं, आणि दोन-तीन पात्यांच्या चाकूत शेजारच्या पात्याला जागा मिळते. मात्र असं टोक नाजूक असतं. त्याने डब्याचं झाकण उचकटलं की पहिलं तेच तुटतं.